चौथा डाऊन, 40 सेकंद आणि कोचच्या नावाने शिमगा

15 नोव्हेंबर 2009, इंडियानापोलिस. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे तो हेल्मेट घालून खेळतात तो, आपला पायाने खेळायचा नाही. न्यू इंग्लंड पेट्रियट्स इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध 34-28 ने पुढे, मॅच संपायला दोन मिनिटं आणि वर काही सेकंद, बॉल त्यांच्याकडेच पण स्वतःच्या गोलरेषेपासून जेमतेम 28 यार्डावर. चौथा डाऊन, अजून दोन यार्ड पाहिजेत.

ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. 10 यार्ड पुढे सरकायला चार चान्स मिळतात, त्यांना डाऊन म्हणतात. तीनमध्ये जमलं नाही की बहुतेक टीम पंट करतात, म्हणजे लाथ मारून बॉल लांब समोरच्यांकडे पाठवून देतात, कारण चौथा चान्स खेळलात आणि हुकला तर बॉल तिथेच्या तिथे समोरच्यांना मिळतो. गोल जवळ असेल तर फील्ड गोल मारून, म्हणजे लाथेने बॉल दोन खांबांमधून घालून, 3 पॉइंट घेता येतात, टचडाऊनचे, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेल्याचे, 6 आणि वरच्या किकचा 1. हे सगळं ठरवायला वेळ किती, तर प्ले क्लॉक 40 सेकंदांचं, आणि त्यातले 15 उरले की क्वार्टरबॅकच्या, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हेल्मेटमधला कोचचा आवाज बंद होतो.

पेट्रियट्सचा कोच बिल बेलिचिक. अख्खं स्टेडियम पंट होणार हे धरून चाललेलं आणि या माणसाने खेळायचं ठरवलं. त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा पास केव्हिन फॉकने घेतला पण बॉल हातात जरा उडाला, आणि रेफरीने त्याला रेषेच्या अलीकडे धरलं, एक यार्डसुद्धा कमी पडला नसेल. रिव्ह्यू मागायचा तर टाइमआउट शिल्लक लागतो आणि शेवटचा टाइमआउट याच प्लेच्या आधी वापरून झालेला. मग कोल्ट्सने, म्हणजे क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगच्या टीमने, 13 सेकंद बाकी असताना टचडाऊन केला, 35-34, खेळ खल्लास. बेलिचिकच्या नावाने नुसता शिमगा!

आता गणित बघू. ब्रायन बर्क नावाच्या विश्लेषकाने ते तेव्हाच मांडलं होतं. जुन्या मॅचेसच्या डेटाप्रमाणे असे दोन यार्ड मिळायचा चान्स साधारण 60 टक्के, आणि मिळाले की मॅच खिशात. नाही मिळाले तर तेवढ्या जवळून समोरचे टचडाऊन करतात 53 टक्के वेळा, म्हणजे 47 टक्के वेळा तरीही आपणच जिंकतो. 0.60 अधिक (0.40 गुणिले 0.47), झाले 0.79. पंट केला तर समोरच्यांना 66 यार्ड कापायचे, ते 30 टक्के वेळा जमतं, म्हणजे आपले 70. थोडक्यात 79 विरुद्ध 70.

मला यातला 47 हा आकडा सगळ्यात भारी वाटतो, कारण शिव्या घालणाऱ्यांनी तो मनातल्या मनात शून्य धरलेला असतो. आणि "पण समोर मॅनिंग होता ना!" हा जो आक्षेप घेतात तो तर उलटाच पडतो. समजा मॅनिंग म्हणून जवळून 70 टक्के आणि लांबून 45 टक्के धरले (हे आकडे माझे, नुसते करून बघायला), तर खेळायचे 72 येतात आणि पंटचे 55. समोरचा जेवढा तगडा तेवढं त्याच्या हातात बॉल न देणं शहाणपणाचं.

तरी आपण निकाल बघूनच निर्णयाला मार्क देतो. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी 1988 मध्ये हे दाखवलं होतं, लोकांना बायपास ऑपरेशनच्या एका निर्णयाची गोष्ट सांगितली, माहिती सगळी तीच, फक्त शेवटी पेशंट वाचला का गेला एवढाच फरक, आणि गेला म्हटल्यावर तोच निर्णय लोकांना जास्त चुकीचा वाटला.

बरं, हे गणित काही नवीन नाही. व्हर्जिल कार्टर हा स्वतः बंगाल्स टीमचा क्वार्टरबॅक, त्याने रॉबर्ट मॅकोल या प्रोफेसरबरोबर 1969 च्या सीझनचा डेटा घेऊन मैदानावरच्या कुठल्या जागेची किंमत किती पॉइंट ते काढलं, पेपर आला 1971 मध्ये. पुढे 2006 मध्ये बर्कलीच्या डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञाचा पेपर आला, त्याच्या हिशोबाने जिथे खेळणं फायद्याचं होतं तिथेही कोच दहापैकी साधारण नऊ वेळा किकच मारत होते. मूर्ख होते म्हणून? मला नाही वाटत. पंट करून हरलं तर खापर डिफेन्सवर फुटतं, खेळून हरलं तर कोचवर, आणि नोकरी तर कोचचीच जाते.

2018 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे सीझनच्या फायनलमध्ये, ईगल्सचा कोच डग पीडरसनने हाफ टाइमच्या 38 सेकंद आधी, एका यार्डावरून, हातातले 3 पॉइंट सोडून चौथा डाऊन खेळला आणि चक्क क्वार्टरबॅक निक फोल्सलाच पास देऊन टचडाऊन काढला. ईगल्स 41-33 ने जिंकले आणि पीडरसन एकदम ग्रेट. जानेवारी 2024 मध्ये लायन्सचा कोच डॅन कॅम्पबेलने फोर्टीनाइनर्सविरुद्ध दोनदा फील्ड गोल सोडून चौथा डाऊन खेळला, एकदा तर बॉल जॉश रेनॉल्ड्सच्या हातात येऊन सुटला, 34-31 ने हरले आणि कॅम्पबेल वेडा.

कॅम्पबेलच्या वेळी दोन्ही पर्यायांमध्ये फरक मात्र थोडाच होता, आणि थोडा फरक असला की मॉडेलवर मी फार विसंबणार नाही. ते आकडे सरासरी टीमचे असतात, आपली लाइन दमलीये का, किकरवर भरवसा किती, वारा कुठून येतोय हे त्यात धड येत नाही. तिथे मैदानावर उभ्या असलेल्या माणसाचं ऐकावं. 79 आणि 70 असेल तर मात्र नाही.