ड्रोनची पदवी म्हणजे नुसतं उडवायला शिकणं? छे!

‘ड्रोन तर शाळकरी पोरंही उडवतात, त्यासाठी विद्यापीठात वर्षं कशाला घालवायची?’ हा समज बराच काळ फिरतोय. उडवणं सोपं झालंय हे खरंच. जीपीएसच्या जोरावर ड्रोन हवेत आपसूक स्थिर राहतो. पण कामाचे पैसे मिळतात ते हाती येणाऱ्या मोजमापाचे.

नकाशा करायचा तर लागोपाठचे फोटो साधारण ७० ते ८० टक्के एकमेकांवर यावे लागतात. उंची दुप्पट केली की एक पिक्सेल जमिनीवर दुप्पट रुंद जागा व्यापतो. बारकावे गेलेच म्हणून समजा. साध्या जीपीएसवर भिस्त ठेवून जमिनीवरचे नियंत्रण बिंदू (नेमकं स्थान ठाऊक असलेल्या खुणा) मोजले नाहीत, तर नकाशा दिसतो देखणा, पण काही मीटर सरकलेला असू शकतो. हे गणित, शिवाय हवामान, हवाई हद्दीचे नियम, थंडीत लिथियम बॅटरी लवकर का मान टाकते, हे शिकायला वेळ लागतोच.

उलट गैरसमजही आहे: पदवी मिळाली की परवाना आलाच. तसं नसतं. परवान्याचे नियम विमान वाहतूक नियामक ठरवतो आणि त्याची परीक्षा सहसा वेगळी असते. अभ्यासक्रमात ती तयारी करून घेतात का, हे प्रवेशापूर्वी विचाराच.