आधी चावी कोण देणार?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, भांडणं वाढीव कार्पेटवरून, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरून होणार. ती दोन सभांत मिटली. भाडं किती, कॉर्पसची एकरकमी रक्कम किती, पार्किंग कुणाला, हेही गच्चीवर चहाच्या दोन फेऱ्यांत उरकलं. घोडं अडलं ते चावीपाशी. बिल्डर म्हणे, आधी घरं रिकामी करून ताबा द्या, मग पाडकाम सुरू करतो. आम्ही म्हणायचो, एकदा चावी दिली की आमच्या हातात राहिलं काय? मागच्या गल्लीतली माणसं सहा वर्षं भाड्याच्या घरात आहेत आणि त्यांच्या इमारतीच्या जागी पत्र्याच्या कुंपणाआड पावसाळी तळं साचतं, हे रोज दिसत होतं. इमारत दोघांनाही हवी होती, अटी दोघांनाही मान्य होत्या, तरी अकरा महिने काही हललं नाही.

सरकार आणि बंडखोर यांच्यातली यादवी कशी मिटते, याचा अभ्यास करणारे लोक याच गाठीशी झगडत आले आहेत. तिथे चावीच्या जागी बंदूक असते.

अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञ बार्बरा वॉल्टर यांनी १९९७ मध्ये एक साधी मोजदाद मांडली. १९४० ते १९९० या काळात दोन देशांमध्ये झालेल्या युद्धांपैकी ५५ टक्के युद्धं वाटाघाटींनी मिटली. यादवी युद्धांत हे प्रमाण होतं अवघं २० टक्के. वॉल्टर यांचं उत्तर असं: दोन देश तह करतात तेव्हा आपापली फौज घेऊन आपापल्या हद्दीत परततात. एकाच देशात मात्र दोन फौजा कायमच्या नांदू शकत नाहीत. कुणीतरी शस्त्रं खाली ठेवायची असतात आणि ती बहुधा बंडखोरांनीच. ठेवल्यावर सरकारने शब्द फिरवला तर? कोर्टही सरकारचं, पोलीसही सरकारचे.

त्याआधी दोन वर्षं जेम्स फिअरन या राज्यशास्त्रज्ञांनी मुळातलाच प्रश्न विचारला होता. लढाई दोघांनाही महागात पडते हे दोघांनाही ठाऊक असताना ते आधीच तडजोड का करत नाहीत? एक तर दोघंही आपली ताकद फुगवून सांगतात, त्यामुळे समोरच्याचं खरं बळ किती ते कळत नाही. दुसरं, आज दिलेला शब्द उद्याही पाळला जाईल, याची हमी घेणारं कुणी नसतं. यातला दुसरा पेच जास्त चिवट. दोन्ही बाजू मनापासून प्रामाणिक असल्या तरी तो सुटत नाही, कारण तह झाल्यावर ताकदीचं पारडंच बदलणार असतं. बिल्डर सज्जन आहे की लबाड, यावर आमच्या सभांमध्ये तासन्‌तास वाद झाले. ते फुकट होते, हे मला नंतर कळलं.

बोलणी सुरू तरी कधी होतात? विल्यम झार्टमन या अभ्यासकाने १९८० च्या दशकात सांगितलं की संघर्ष ‘पिकावा’ लागतो. दोघांनाही जिंकता येत नाही आणि दोघांनाही आहे तसं चालू ठेवणं परवडत नाही, अशी दुखरी कोंडी झाली की माणसं टेबलाशी येतात. मराठीत यासाठी शब्द आयताच आहे: अढी. मनात धरतात ती अढी आणि आंबे पेंढ्यात पिकवतात तीही अढीच. मोझांबिकमध्ये १९७७ पासून सरकार आणि रेनामो ही बंडखोर संघटना लढत होते. १९९२ मध्ये आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात भीषण दुष्काळ पडला, फौजांना खायला घालणंही जड झालं आणि त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला रोममध्ये करार झाला. या सिद्धांतावर एक रास्त आक्षेप आहे. आंबा पिकला की नाही हे कापल्यावरच कळतं, आणि कापल्यावर सगळेच शहाणे असतात.

आता शेजाऱ्यांकडे येऊ. यादवीची झळ शेजारच्या देशांना लगेच बसते. निर्वासित येतात, व्यापाराचे रस्ते तुटतात, बंदुका सीमा ओलांडतात. ‘दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण इथे अर्धीच खरी, कारण तिसऱ्याचं नुकसानही तितकंच होतं. पण शेजाऱ्याच्या हातात अशी एक गोष्ट असते जी दूरच्या मध्यस्थाकडे नसते, ती म्हणजे नाड्या. बंडखोरांचे नेते बहुतेकदा त्याच्याच शहरात लपलेले असतात आणि सरकारचा माल त्याच्याच बंदरातून येतो. १९९६ मध्ये बुरुंडीत लष्करी उठाव झाला तेव्हा शेजाऱ्यांनी एकत्र येऊन त्या भूवेष्टित देशाचा व्यापारच रोखला. निर्बंध जानेवारी १९९९ मध्ये उठले. टांझानियाचे माजी अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी चालवलेली बोलणी त्यांच्या निधनानंतर नेल्सन मंडेलांनी हाती घेतली आणि ऑगस्ट २००० मध्ये टांझानियातल्या अरुशात करार झाला. प्रमुख बंडखोर गट मात्र त्यात नव्हते, त्यामुळे लढाई पुढेही रेंगाळली.

पण शेजारी तटस्थ नसतो. मग त्याचं कुणी का ऐकावं? अँड्र्यू किड या राज्यशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये गणिती मांडणी करून दाखवलं की मध्यस्थाचा कल कधीकधी उपयोगीच पडतो. ज्याला कसंही करून भांडण मिटवायचं आहे तो दोघांनाही सांगणार, ‘समोरचा आता आणखी नमणार नाही, तुम्हीच जरा पडतं घ्या’. म्हणून त्याच्या सांगण्याला किंमत उरत नाही. आपल्याच बाजूचा माणूस हेच म्हणाला तर ते खरं वाटतं. आमच्याकडे तळमजल्यावरचे काका, निवृत्त बँक मॅनेजर, बिल्डरचे सगळ्यात कडवे टीकाकार. ‘यापुढे तो एक फूटही वाढवणार नाही’ असं ते ज्या दिवशी म्हणाले, त्या दिवशी कार्पेटचा विषय संपला. सल्लागार तेच तीन महिने सांगत होता.

नेपाळमध्ये ही सगळी सूत्रं एकत्र दिसतात. १९९६ पासून चाललेल्या माओवादी संघर्षात १३,००० हून अधिक माणसं मेली. माओवादी नेत्यांनी त्यातला बराच काळ भारतात काढला होता, त्यामुळे नाडी दिल्लीच्या हातात होती. नोव्हेंबर २००५ मध्ये माओवादी आणि राजाविरुद्ध उभे राहिलेले सात पक्ष यांच्यात बारा कलमी समझोता झाला, तो दिल्लीतच. वर्षभराने, २१ नोव्हेंबर २००६ ला, सरकार आणि माओवादी यांचा शांतता करार झाला.

खरी कमाल पुढे आहे. माओवाद्यांनी शस्त्रं सरकारच्या स्वाधीन केली नाहीत. ती त्यांच्याच छावण्यांत लोखंडी कंटेनरमध्ये ठेवायची आणि कुलूप लावायचं असं ठरलं. चावी माओवाद्यांच्याच खिशात राहणार होती. पण कुलपाला भोंगा जोडलेला, नोंद ठेवणारं यंत्र बसवलेलं आणि संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक पाहायला हजर. नेपाळी लष्करानेही तितकीच शस्त्रं याच पद्धतीने कुलपात ठेवली. विचार केला तर यात एकही बंदूक कुणाच्या ताब्यात गेली नाही. बदललं इतकंच की गुपचूप शब्द मोडणं अशक्य झालं. कुणी कुलूप उघडलं तर ते सगळ्यांना लगेच कळणार होतं, आणि समोरच्याला तयारीला वेळ मिळणार होता. अविश्वास न संपवता त्याला एक भोंगा बसवला, असं म्हणता येईल. पडताळणीत १९,६०२ लढवय्ये पात्र ठरले. पुढे २०१२ मध्ये त्यांतले सुमारे १,४०० जण नेपाळी लष्करात सामावले आणि बाकीचे बहुतेक रोख रक्कम घेऊन घरी गेले.

दुसरी युक्ती म्हणजे व्यवहाराचे तुकडे पाडायचे. १९८० च्या सुमारास रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञांनी संगणकावर स्पर्धा भरवली होती. सहकार्य करायचं की दगा द्यायचा, हे प्रत्येक प्रोग्रॅमने फेरीमागून फेरीत ठरवायचं. जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांचा सगळ्यात छोटा प्रोग्रॅम: सुरुवात विश्वासाने, मग जशास तसं. ही युक्ती चालते ती पुढची फेरी येणार असते म्हणून. एकाच दमात सगळं द्यायचं असेल तर दगा देणाऱ्याला शिक्षा करायला पुढची फेरीच नसते. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात १९७६ पासून चाललेलं बंड ऑगस्ट २००५ च्या हेलसिंकी कराराने मिटलं, तेव्हा हेच केलं गेलं. बंडखोरांनी आपली ८४० शस्त्रं चार टप्प्यांत द्यायची आणि सरकारने बाहेरून आणलेलं सैन्य चार टप्प्यांत मागे घ्यायचं. देखरेखीला युरोपीय संघाबरोबर थायलंड, मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर आणि ब्रुनेई हे शेजारी होते. वर्षअखेर चारही हप्ते पुरे झाले.

शेजारी जामीन राहतो तेव्हा तो स्वतः बुडूही शकतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत भारत आणि श्रीलंका यांनी करार केला. ज्यांनी शस्त्रं ठेवायची त्या तमिळ वाघांची त्यावर सही नव्हती. ऑक्टोबरमध्ये हमी द्यायला गेलेली भारतीय शांतिसेना त्यांच्याशीच लढू लागली. मार्च १९९० मध्ये ती परतली तोवर आपले १,१०० हून अधिक जवान गेले होते.

अलीकडचं उदाहरण काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचं. नऊ देशांनी वेढलेला हा देश पूर्व आफ्रिकी समुदायाचाही सदस्य आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांच्या समुदायाचाही. बोलण्यांसाठी केनियाचं एक टेबल होतं, अंगोलाचं दुसरं, आणि दोन्ही समुदायांच्या फौजाही वेगवेगळ्या होत्या. एम-२३ बंडखोरांना रवांडाची मदत आहे असं संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ सांगतात, रवांडा नाकारतो. जानेवारी २०२५ च्या अखेरीस बंडखोरांनी पूर्व काँगोतलं गोमा शहर घेतलं. १८ मार्चला अंगोलात ठरलेल्या बैठकीतून त्यांनी ऐनवेळी अंग काढलं आणि त्याच दिवशी काँगो आणि रवांडाचे अध्यक्ष भेटले ते दूर कतारमध्ये, दोहात. जुलैत सरकार आणि एम-२३ यांच्यात तत्त्वांचा जाहीरनामाही तिथेच झाला. लढाई त्यानंतरही चालू राहिली. टेबलं जास्त झाली की जिथे कमी द्यावं लागेल तिथे जाऊन बसता येतं. आमच्याकडेही बिल्डर एकदा कमिटीला भेटायचा, एकदा नाराज सभासदांना.

आमचा तिढा शेवटी सुटला तो तुकड्यांनीच. आधी बँक गॅरंटी, मग वर्षभराच्या भाड्याचे चेक. चाव्या एका पाकिटात वकिलांच्या कपाटात ठेवायच्या आणि बांधकामाची परवानगी हाती पडली की पाकीट बिल्डरला द्यायचं. घरं ३२. गेल्या आठवड्यात वकिलांनी चाव्या मोजल्या तर ३१ भरल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, ‘पहिला चेक वटू दे, मग देते.’