मारानाथा

मारानाथा हा नव्या करारात ग्रीक अक्षरांत जसाच्या तसा ठेवलेला अरामी (येशूच्या काळी त्याच्या भागात बोलली जाणारी भाषा) शब्द, खरं तर दोन शब्दांचं वाक्यच. बायबलमध्ये तो एकदाच येतो, करिंथकरांस पहिल्या पत्रात (१६:२२). पत्र इ.स. ५३ ते ५५ च्या सुमारास इफिसहून गेलं असं बहुतेक जण धरतात. आदल्याच ओळीत पत्र लिहिणारा पौल म्हणतो की हा सलाम मी स्वतःच्या हातानं लिहितोय, त्यामुळे हा शब्दही लेखनिकाचा नसून त्याच्याच हातचा असावा.

घोळ सगळा तोडण्याचा आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत शब्दांमधे जागा सोडत नसत, मग 'मारान अथा' वाचलं तर 'आमचा प्रभू आला' आणि 'माराना था' वाचलं तर 'हे आमच्या प्रभू, ये', एकाच अक्षराच्या इकडे-तिकडे होण्यानं बातमीची प्रार्थना होते. पेशित्ता हे बायबलचं जुनं सिरियाक भाषांतर आणि प्राचीन चर्चमधला ग्रीक प्रवचनकार ख्रिसोस्तोम पहिल्या बाजूचे. हल्लीचा कल मात्र दुसरीकडे आहे आणि तोच जास्त पटतो, कारण नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण २२:२० मध्ये, 'ये, प्रभू येशू' हे ग्रीकमध्ये जवळपास याचंच भाषांतर वाटतं, शिवाय मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहांत सापडलेल्या हनोखाच्या पुस्तकाच्या (एक प्राचीन यहुदी ग्रंथ) अरामी तुकड्यांत 'आमचा प्रभू' यासाठी 'माराना' हे लांब रूप मिळालंय, म्हणजे त्या काळात ते रूप चालत होतं. नेस्ले-आलांड ही अभ्यासक वापरतात ती नव्या कराराची छापील ग्रीक आवृत्तीही असंच तोडते.

बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरानं तर त्याच ओळीतला आधीचा 'अनाथेमा' (शापित, प्रभूवर प्रेम न करणाऱ्याला उद्देशून) आणि हा शब्द सलगच छापला, मधे विराम नाही, आणि त्यातून पुढं हा कसला तरी डबल शाप आहे असा समज पसरला! शाप अनाथेमाशी संपतो.

'दिदाखे' या जुन्या ख्रिस्ती नियमपुस्तिकेतही (१०:६) भोजनानंतरच्या प्रार्थनेच्या शेवटी हा शब्द आहे. तिचं १०५६ सालचं हस्तलिखित ब्रिएनिओस यांना कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडलं, ते १८८३ मध्ये छापलं गेलं. प्रार्थनेतल्या या जागेवरून शब्द उपासनेतून आला असावा असं म्हणतात. वाद खरा तापतो तो इथं: येशूला 'प्रभू' म्हणणं ग्रीक बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्यांत सुरू झालं असं जर्मन अभ्यासक बूसे यांनी १९१३ मध्ये मांडलं, पण मग ग्रीक वाचकांना भाषांतर न करता पाठवलेला हा अरामी शब्द आला कुठून? बूसे यांनी तो सिरियातल्या अंत्युखिया शहरासारख्या, ग्रीक आणि अरामी दोन्ही बोलणाऱ्या भागातला ठरवला, ते जरा ओढूनताणून वाटतं. अरामी बोलणारे आधीपासूनच असं म्हणत होते हे सरळ उत्तर आहे.

मराठी कानाला यात 'नाथ' ऐकू येतो, पण तो निव्वळ योगायोग, प्रभू इथं 'मारे' या अरामी शब्दात आहे, केरळच्या सिरियन ख्रिस्ती बिशपांच्या नावाआधीचा 'मार' तोच. जॉन मेन या बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूनं ध्यानासाठी हा शब्द मा-रा-ना-था असा चार अक्षरांवर सारखा जोर देऊन म्हणायला शिकवला, ध्यान स्वतः तो मलायात (आजचा मलेशिया) एका हिंदू स्वामींकडून शिकला होता.