वापरता न येणारी रॅम: मर्यादा विंडोजची की मदरबोर्डची?

घरी जोडलेल्या जुन्या संगणकात ४ जीबी रॅम बसवूनही विंडोज ७ ‘वापरण्याजोगी ३.२५ जीबी’ दाखवते, असे कोणी विचारले की ‘६४-बिट विंडोज टाका, सगळी दिसेल’ हा सल्ला ठरलेला असतो. काही मदरबोर्डांवर तो बरोबर ठरतो आणि काहींवर पूर्णपणे चुकतो. चुकतो तेव्हा समोरच्या माणसाचा दिवस वाया जातो, आणि ६४-बिट ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) न मिळाल्यामुळे त्याचा चालू असलेला जुना प्रिंटरही बंद पडतो.

३२-बिटचे गणित बहुतेकांना ठाऊक असते: ३२ बिटांत ४ जीबीपर्यंतचेच पत्ते, म्हणजे मेमरीतील जागांचे क्रमांक, मावतात. विसरले जाते ते हे, की त्याच पत्त्यांतून ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्डला जोडलेली इतर (पीसीआय) उपकरणे आणि बायोस (संगणक सुरू करणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर) यांनाही वाटा द्यावा लागतो आणि तो वाटा ४ जीबीच्या सीमेच्या लगेच खालच्या भागातून जातो. त्या पत्त्यांवर यायची रॅम मग झाकली जाते.

झाकलेली ही रॅम ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांवर हलवण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमचे नसून चिपसेटचे (प्रोसेसर, रॅम आणि इतर भाग जोडणाऱ्या मदरबोर्डवरच्या चिपांचे) आणि बायोसचे असते, आणि सगळा गोंधळ नेमका इथेच होतो. इंटेलच्या ९४५ मालिकेतील चिपसेटला ४ जीबीच्या वर रॅमसाठी पत्तेच नाहीत. त्यामुळे कोअर टू ड्युओसारखा ६४-बिट प्रोसेसर बसवा, ६४-बिट विंडोज टाका, आकडा जवळपास तेवढाच राहतो. त्यानंतर २००६ मध्ये आलेली ९६५ मालिका ८ जीबीपर्यंत रॅम हाताळते आणि झाकलेला भाग वर हलवू शकते, मात्र बायोसमध्ये मेमरी रिमॅपचा पर्याय दिलेला असेल तर तो चालू असावा लागतो. अशा बोर्डावर ३२-बिट विंडोज ७ असेल, तर रॅम वर पोहोचलेली असूनही विंडोज तिला हात लावत नाही. प्रोसेसरमध्ये ३६-बिट पत्त्यांची सोय १९९५ च्या पेंटियम प्रोपासून आहे, पण घरगुती ३२-बिट विंडोजला मायक्रोसॉफ्टने ४ जीबीची मर्यादा मुद्दाम ठेवली, कारण त्यापलीकडचे पत्ते अनेक ड्रायव्हरांना झेपत नव्हते.

दोष कोणाचा, हे काहीही न पुसता तपासता येते. प्रोसेसर ६४-बिट असेल तर पेन ड्राइव्हवरून ६४-बिट लिनक्स सुरू करून एकूण मेमरी पाहावी. ती ४ जीबीच्या जवळ गेली तर अडथळा विंडोजचा होता. सव्वातीनवरच अडली तर आधी बायोसमधील रिमॅप पाहावा, आणि तो पर्यायच नसेल तर मर्यादा बोर्डाची समजावी. बोर्डावरच्या ग्राफिक्सने घेतलेली थोडी रॅम हा वेगळा विषय आहे. ती कोणत्याही सिस्टिमवर कमीच दिसणार.

९४५ च्या बोर्डासाठी ४ जीबी पूर्ण करायला नवी स्टिक विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पैसे नव्या बोर्डासाठी राखून ठेवावेत.