बेळगाव सीमाभाग: शिवारातली नाना पिकं गेली कुठं?

बेळगाव जिल्ह्यात मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीत पावसाळ्यात काही हजार मिलीमीटर पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, अथणीत, वर्षाकाठी पाच-सहाशे मिलीमीटर झाला तरी साल बरं गेलं म्हणतात. इथली पिकं या फरकानं ठरवलेली. खानापूरच्या पश्चिमेला भात आणि वरकस म्हणजे हलक्या, उताराच्या जमिनीवर नाचणी. येळ्ळूर, धामणे, शहापूरच्या काळ्या शिवारात भात निघाल्यावर मसूर. संकेश्वरकडं मिरची, निपाणीला तंबाखू. पूर्वेला शाळू म्हणजे रब्बी ज्वारी, बाजरी, तूर, हुलगा, मटकी, करडई. हवामान बदलाला तोंड द्यायचं तर पिकांत नि बियाण्यांत विविधता आणा, असं आज मेळाव्यांतून सांगितलं जातं. सल्ला बरोबर आहे. पण इथं ती विविधता आणायची नाही, परत आणायची आहे.

जुन्या पद्धतीत हौस कमी, हिशेब जास्त होता. उंचवट्याच्या जमिनीत हळवं म्हणजे लवकर येणारं भात, खोलगटात गरवं म्हणजे उशिरा येणारं. पाऊस लवकर उघडला तर हळवं पदरात पडायचं, लांबला तर गरवं. रोहिणी नक्षत्रात कोरड्या मातीत कुरीनं, म्हणजे पाभरीनं, धूळवाफ पेरणी व्हायची, म्हणजे मृगाच्या पहिल्या पावसाचा थेंब वाया जात नसे. ज्वारीच्या काही ओळींआड तुरीची एक ओळ असे. ज्वारी बुडाली तरी तूर खोल मुळांवर तग धरायची. शाळवाला तर उभ्या पिकात पाऊस फारसा लागतच नाही. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर तो येतो. विमा कंपन्या नव्हत्या, तेव्हाचा हा विमा होता. तो नेहमी पुरला असं मात्र नाही. १८७६-७८ च्या दुष्काळात या पट्ट्यानं माणसं मेलेली पाहिली आहेत. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्यांनी ते साल विसरू नये.

बी धरणं हे घरातल्या बायकांचं काम. मळणीआधीच ठोस कणसं निवडून बाजूला काढायची, कडक उन्हात वाळवायची, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची, तोंड शेणामातीनं लिंपायचं. शेजारणीशी बियाण्याची देवघेव चाले.

हे सुटलं ते टप्प्याटप्प्यानं. निवड पद्धतीनं सुधारलेलं बी आधीही येत होतं. सोलापूरकडच्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ज्वारी त्यातलीच, आणि ती शेतकऱ्याला घरी धरता येत होती. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळं मोहोळ परकं नव्हतं. १९६० च्या दशकात चित्र पालटलं. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम, १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी, १९६६ मध्ये बियाणे कायदा. अशा संकरित, म्हणजे हायब्रीड, पिकाचं बी दरवर्षी विकत आणावं लागतं, घरचं धरून चालत नाही. मडकी तिथंच रिकामी व्हायला लागली.

पण खरा घाव माझ्या मते हायब्रीडचा नाही, पाण्याचा आणि हमखास गिऱ्हाइकाचा आहे. १९७० च्या दशकात घटप्रभेवर हिडकल, मलप्रभेवर नवलतीर्थ अशी धरणं झाली, कालवे फिरले, आणि उगारला १९३९ पासून असलेल्या साखर कारखान्याला भावंडं मिळत गेली. निपाणीत १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांचं आंदोलन झालं, गोळीबार झाला. भावाची ती अनिश्चितता पाहिलेल्या माणसाला उसाची खात्री गोड वाटली तर त्याला दोष कसा द्यायचा?

सोयाबीनची गोष्ट वेगळी आणि शिकण्यासारखी. पीक पसरलं, मग १९९० च्या दशकात तांबेरा हा बुरशीचा रोग आला. उगार खुर्दला तो इतका हमखास येतो की संशोधक तिथंच वाण पारखतात. धारवाड कृषी विद्यापीठाचा डीएसबी-२१ हा तांबेऱ्याला दाद न देणारा वाण पुढं आला. म्हणजे विद्यापीठाचं बी आणि जवारी म्हणजे गावरान बी यांचं भांडण लावायचं कारण नाही. एकाच वाणावर अख्खं शिवार टाकणं हा धोका आहे. मक्यावर २०१८ मध्ये लष्करी अळी आली तेव्हाही तेच दिसलं.

बेळगाव बासमती या इथल्या सुवासिक भाताचं दुखणं आणखी निराळं. उंच वाढतं, वाऱ्या-पावसात लोळतं, उतारा कमी, पण वास घरभर. त्याच्या जागी बरीचशी इंद्रायणी आली. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून मावळातल्या वडगावला तयार झालेलं हे भात सीमा न विचारता इकडं आलं. त्यात बळ्ळारी नाल्याचा पूर आणि बायपासला जाणाऱ्या जमिनी. बासमती पिकवणाऱ्याच्या वाट्याला एवढं सगळं एकदम आलंय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णाकाठ पाण्याखाली गेला. उसाच्या शेंड्यात पाणी शिरलं की आतला पोंगा कुजतो, ऊस हिरवा दिसला तरी वाढत नाही. २०२१ मध्ये पुन्हा पूर, २०२३ मध्ये दुष्काळ. एकच पीक असलेल्या घराला पुराचं आणि दुष्काळाचं साल सारखंच वाईट.

२००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं बी धरण्याचा, वाटण्याचा आणि ब्रँड न लावता विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. पण रयत संपर्क केंद्रातली, म्हणजे कर्नाटकच्या कृषी खात्याच्या कचेरीतली, पत्रकं कन्नडमध्ये आणि वाचनातला शेतीसल्ला मराठी, महाराष्ट्राच्या हिशेबानं. खानापूर तालुक्यातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला दोन्ही अर्धेच लागू पडतात.

आणि टिकलं काय? शाळू टिकला, कारण भाकरी आहे आणि जनावरांना कडबा आहे. मसूर टिकला, कारण आमटीला तोच लागतो. राळा आणि वरी ही बारीक भरडधान्यं मात्र गेली. त्यांचं बी शोधून मिळेलही, पण वरची टरफलं काढायची कुठं? गावातल्या गिरणीत ते होत नाही, आणि उखळात कांडायला आता घरी कोणी तयार नाही.