पन्नास हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर?

एक गाडी ताशी ४० किलोमीटरने जाते आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किलोमीटरने परत येते. पूर्ण प्रवासाची सरासरी चाल किती? बहुतेकांच्या तोंडून लगेच ५० येतं. बरोबर उत्तर आहे ४८.

शिकवताना इथे सहसा ५० वर काट मारली जाते, 'एकूण अंतर भागिले एकूण वेळ' हे सूत्र फळ्यावर येतं आणि वर्ग पुढच्या गणिताकडे वळतो. माझ्या मते खरा धडा तिथेच निसटतो. सूत्र पाठ होतं, पण ५० का चुकलं हे उमगत नाही. मग प्रश्न जरा फिरवून विचारला की विद्यार्थी पुन्हा बेरीज करून दोनाने भागतो.

एका बाजूचं अंतर १२० किलोमीटर धरू. जायला ३ तास, यायला २ तास. २४० भागिले ५, म्हणजे ४८. अंतर ६० घ्या किंवा ३०० घ्या, उत्तर तेच राहतं, कारण जाण्यायेण्याच्या वेळांचं ३:२ हे प्रमाण बदलत नाही. दर पाच तासांतले तीन तास गाडी संथ चालत होती, म्हणून सरासरीही संथ चालीकडे झुकली.

तरीही मन मानत नसेल तर आकडे टोकाला नेऊन पाहावेत. जाताना ताशी १ किलोमीटर, येताना ९९. बेरजेची निम्मी पुन्हा ५०. पण १२० किलोमीटर जायलाच पाच दिवस लागले आणि परतीला जेमतेम सव्वा तास! सरासरी ताशी २ किलोमीटरपर्यंतही पोहोचत नाही. अशी टोकाची उदाहरणं घेऊन उत्तर तपासायची सवय पदार्थविज्ञानात फार उपयोगी पडते.

आता त्या ५० कडे परत पाहू. ते निरर्थक नाही. गाडी एक तास ४० ने आणि एक तास ६० ने गेली असती, तर दोन तासांत १०० किलोमीटर झाले असते आणि सरासरी ५० च आली असती. म्हणजे ५० हे समान वेळेच्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपल्याला विचारलं होतं समान अंतराबद्दल. चुकलेलं उत्तर कोणत्या प्रश्नाला लागू पडतं हे सापडलं, की कोणतं गृहीतक नकळत आत शिरलं तेही सापडतं.

हे गृहीतक येतं कुठून, तेही कळण्यासारखं आहे. एकसमान त्वरणाच्या गणितांत सुरुवातीचा आणि शेवटचा वेग मिळवून निम्मे केले की सरासरी अचूक येते. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजमधल्या अभ्यासकांनी हा नियम चौदाव्या शतकातच मांडला होता. तो चालतो, कारण तिथे वेग वेळेनुसार सारखा वाढत जातो. वरून सोडलेला दगड २ सेकंदांत साधारण २० मीटर पडतो आणि त्याची सरासरी चाल सेकंदाला १० मीटर असते. निम्म्या वेळेला, म्हणजे पहिला सेकंद संपताना, त्याची चाल नेमकी तेवढीच असते. पण तोवर तो फक्त ५ मीटर खाली आलेला असतो. निम्म्या अंतरावर पोहोचेपर्यंत चाल १४ च्या पुढे गेलेली असते. एकाच दगडाच्या बाबतीत वेळेचा मध्य आणि अंतराचा मध्य इतके वेगळे!

मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्टहायमर यांनी १९३४ मध्ये आइन्स्टाइन यांना असंच एक कोडं पाठवलं होतं. जुनी गाडी एक मैलाचा चढ ताशी १५ मैलांनी चढते. पलीकडचा एक मैलाचा उतार तिने किती चालीने उतरावा, म्हणजे एकूण सरासरी ताशी ३० मैल होईल? ४५ म्हणावंसं वाटतं. पण ताशी ३० ने दोन मैलांना ४ मिनिटं लागतात आणि ती चारही चढावरच संपली. उतरायला वेळच उरलेला नाही, हे हिशेब केल्यावरच लक्षात आलं, असं आइन्स्टाइन यांनी उत्तरात कळवलं.

आपल्या गाडीलाही तीच मर्यादा आहे. जाताना चाल ४० असेल, तर पूर्ण प्रवासाची सरासरी ८० कधीच होणार नाही. परतीला ताशी ३६० ने आलात तरी ती ७२ च भरते.