पडीक वरकसात साग लावण्याआधी सातबारा वाचा

एकेकाळी नाचणी-वरी पिकवणारे कोकणातले कितीतरी वरकस उतार आता ओसाड पडलेत. तिथे झाडं लावायला सहसा परवानगी लागत नाही. ती लागते तोडताना. तेव्हा लागणारे कागद आज तयार ठेवले नाहीत, तर वीस-तीस वर्षांनी मुलांची दमछाक होते.

आधी सातबाऱ्याचा 'इतर हक्क' रकाना बघा. तिथे 'खाजगी वन' असा शेरा असेल, तर एकही खड्डा मारू नका. 30 ऑगस्ट 1975 पासून लागू झालेल्या कायद्याने खाजगी वनं सरकारजमा झाली. शेऱ्याची शहानिशा तहसील आणि वन कार्यालयात करून घ्या.

खरी अडचण सामाईक खात्याची. तोडीचा अर्ज खातेदाराने करायचा, पण सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी. आजोबांच्या नावावरून वारसनोंदच झालेली नसेल, तर ती तलाठ्याकडे आधी करा. मुंबईचे काका, सासरी गेलेल्या आत्या गणपतीला गावी येतात, तेव्हाच संमतीपत्रावर सह्या घ्या.

सोबत चालू सातबारा, 8अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनींचा उतारा), फेरफार, गटाचा नकाशा आणि आधार ठेवा. जमीन वनहद्दीला लागून असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून दगड रोवून घ्या. झाड कुणाच्या हद्दीत हा वाद तिथेच मिटतो.

रोपं सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत मिळतात. उतारावर नुसता साग लावू नका असं कळकळीने सांगावंसं वाटतं. त्याच्या मोठ्या पानांवरून पडणारे जाड थेंब उघडी माती धुऊन नेतात. मध्ये ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ हवेतच. लागवड झाली की ई-पीक पाहणीत (सरकारच्या मोबाइल ॲपवरच्या पीकनोंदीत) झाडांची नोंद करा आणि पुढेही दरवर्षी ती टिकवा.

तोडीचा अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात जातो. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, खैर, आंबा, फणस यांच्यासोबत वर सांगितलेली चारही झाडं आहेत. खातेदार आदिवासी असेल तर 1969 च्या वेगळ्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. जागेची पाहणी होते, झाडांचा घेर मोजून यादी बनते, मग परवानगी मिळते. तोडलेल्या मालावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का उमटतो आणि वाहतूक पास निघतो. तो हातात येईपर्यंत ट्रक भरू नका.